पाठमोरा

फोटो पाठमोरा होता म्हणूनच तिने त्याला ओळखलं. समोरून काढलेला असता तर कदाचित ओळखलंही नसतं. वीस-बावीस वर्षांत चेहरे सुटतात, चष्मे चढतात, केस जातात. पाठ तशी इमानी असते. डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली, मानेच्या मुळाशी केसांचा तो उलटा भोवरा, आता पांढरा, आणि कानाच्या पाळ्या डोक्यापासून जरा लांब उभ्या, कुणी हाक मारेल म्हणून थांबल्यासारख्या. संसाराच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत तिने त्याची पाठच जास्त पाहिली होती. झोपताना पाठ, खिडकीशी पाठ, सकाळी जिना उतरतानाची पाठ. समोर बसलेली बाई मोबाइल पुढे धरून विचारत होती, "यावरून जमेल ना हो काही? समोरून फोटो काढूच देत नाहीत. लहान मुलासारखे पळतात." तिने मोबाइल हातात घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणि ज्या आवाजात ती रोज गिऱ्हाइकांशी बोलायची त्याच आवाजात म्हणाली, "जमेल की. उलट पाठमोरं बरं. स्टेन्सिलमध्ये चेहऱ्याचे फार तुकडे पडतात."

दुकान स्टेशनरीचं होतं. पुढे वह्या, पेनं, छापील शुभेच्छांचे फिरते स्टँड. मागे पार्टिशन घालून काढलेली खोली तिची. लांब टेबल, त्यावर कापायची हिरवी चटई, ब्लेडचा दांडा, दाढीच्या ब्रशसारखे गोल मऊ ब्रश, आणि शाईची पॅडं रंगानुसार नाही तर किती वेळात वाळतात त्यानुसार लावलेली. डोक्यावर दोरी, तिला चिमट्यांनी अडकवलेली अर्धीमुर्धी कार्डं. दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, "छापील बाहेर, हातचं आत," आणि आपल्याच विनोदावर मान डोलवायचा. पार्टिशनच्या आत आलेली माणसं का कोण जाणे आवाज उतरवून बोलत. डॉक्टरकडे बोलावं तसं. ही पिवळ्या पर्सवाली मात्र बाहेर बोलत होती तेवढ्याच आवाजात आतही बोलत होती. साठावा वाढदिवस, म्हणाली. मग बोटांवर मोजून म्हणाली, की एकसष्टावा? जाऊ दे, साठच लिहा, बरं दिसतं. साठावाच होता. कार्ड करणारीला तारीखही पाठ होती, पण तिने चिठ्ठीवर नुसतं साठ लिहिलं.

"आवड काय त्यांची?" हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारायची. न विचारता सोडला असता तर आज विचित्र दिसलं असतं.

"झाडं. बाल्कनीत पाय ठेवायला जागा नाही. आणि बोलणं. बोलतात किती, विचारू नका. सकाळी दात घासताना सुरू होतात. मी म्हणते, अहो, तोंडातला फेस तरी थुंका आधी."

"कोण?"

"कोण काय, आमचे हे." पर्सवाली हसली. "गोष्टी सांगतात. त्याच त्याच. दर वेळी काहीतरी वेगळं असतं त्यात. मागच्या वेळी बस असते, या वेळी तिचा ट्रक झालेला असतो. मी आपली ऐकते. मजा येते. माझ्या भावजया तर मुद्दाम बसवून घेतात त्यांना."

तिने चिठ्ठीवर लिहिलं: झाडं. पुढे लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. पर्सवाली आता रंगांकडे वळली होती. त्यांना तो निळा आवडतो, म्हणाली, म्हणजे निळा नाही, हिरवट, पण हिरवा नाही.

"मोरपंखी."

"हां. बघा, तुम्हाला बरोबर शब्द सापडला."

मोरपंखी. तिच्या आणि त्याच्या घरात नऊ वर्षं पडदे राखाडी होते, कारण त्याला रंगातलं काही कळत नाही असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं होतं ते तिला आता आठवेना. तिने पर्सवालीला सांगितलं, त्यांच्या हातात रोज असणारं काहीतरी कागदी आणून द्या, मागे फाडून चिकटवता येईल. दोन दिवसांनी बियांच्या रिकाम्या पाकिटांची एक पिशवीच दुकानदाराने आत आणून ठेवली. झेंडू, पालक, गोकर्ण. प्रत्येक पाकीट एकाच कोपऱ्यातून, दाताने फाडलेलं. हे मात्र तेच होतं. तेलाची पिशवीही तो अशीच फाडायचा.

घरी ती तिच्या बहिणीबरोबर राहायची. ताई तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, शाळेतून निवृत्त, गुडघ्यांनी घरात बसवलेली, आणि बाहेरच्या जगाची भूक बहिणीच्या गिऱ्हाइकांवर भागवणारी. त्या संध्याकाळी चहा गाळता गाळता तिने सांगून टाकलं. "घुम्याची बायको आली होती कार्ड करायला."

घरात त्याचं नाव घुम्या होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनच. मावशीने ठेवलेलं आणि मग सगळ्यांनी उचललेलं.

"तिला ठाऊक आहे तू कोण ते?"

"नाही."

"आणि तू केलंस कबूल?" ताईने कप खाली ठेवला. "कशी आहे?"

"चांगली आहे. म्हणते, तो फार बोलतो."

"कोण, घुम्या?" ताई हसायलाच लागली. "मग आपल्याकडे काय तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचा? टेलिफोन खात्यात नोकरी आणि घरी मुका. तुला आठवतं, बाबा म्हणायचे, जावयाची लाइन कायम डेड. तुमचं मोडलं तेव्हा बाबाच म्हणाले होते, बरं झालं."

"बाबा नव्हते तेव्हा. आदल्या वर्षी गेले."

"आदल्या वर्षी का? असेल." ताईने बिस्किट चहात बुडवलं. "बदलतात गं माणसं."

बदलतात. एवढ्यावर ते मिटलं असतं तर बरं होतं. पण अंथरुणावर पडल्यावर तिच्या लक्षात आलं की ताई ज्या गोष्टीवर हसली ती गोष्ट खरं तर तिचीच होती, तिनेच वीस वर्षं घोटून घोटून गुळगुळीत केलेली. लग्न का मोडलं असं कुणी विचारलं की ती सांगायची: मारहाण नाही, व्यसन नाही, दुसरी बाई नाही, तो बोलतच नव्हता. भिंतीशी संसार करत होते मी. वकिलाच्या खोलीतसुद्धा तिने हेच वाक्य म्हटलं होतं, आणि शेजारच्या खुर्चीवर बसून ते ऐकूनही तो काही बोलला नव्हता, त्यामुळे तिचं म्हणणं आपोआप सिद्धच झालं होतं. गोष्टीच्या या ठिकाणी लोक हसायचे. तीही हसायची. गोष्टीत तिचा दोष कुठेच नव्हता आणि, न्यायाने पाहिलं तर, त्याचाही नव्हता. माणूस घुमा होता, जन्मतः, जसा एखादा डावखुरा असतो. या एका खुंटीवर तिने इतकी वर्षं सगळं टांगून ठेवलं होतं: एकटीने घेतलेली भाड्याची खोली, नंतर ताईकडे येणं, मूल नसणं, ज्या दोन-तीन माणसांनी नंतर विचारलं त्यांना नको म्हणणं. आणि आता एक पिवळ्या पर्सवाली येऊन सहज सांगून गेली होती की तो दात घासतानासुद्धा बोलतो. ती त्याचा आवाज आठवायला लागली. आवाज आठवला, जरा नाकातला. शब्दही आठवले. "आज काय झालं माहितेय," हे आठवलं. जेवायला बसताना म्हणायचा, पहिल्या वर्षी, बहुधा दुसऱ्याही. "आमच्या साहेबांनी आज," हे आठवलं. "ऐक ना, तो कोपऱ्यावरचा न्हावी आहे ना." प्रत्येक वेळी तिला सुरुवात आठवायची आणि पुढे काही नाही, जणू त्या घरात नुसत्या सुरुवातीच झाल्या होत्या. तिने कूस बदलली. शेजारच्या पलंगावरून ताई म्हणाली, झोप आता. ती झोपलेली नाही हे ताईला कसं कळायचं कोण जाणे.

कार्ड मोठं करायचं ठरलं होतं, उघडल्यावर हातभर. बियांची पाकिटं तिने ओबडधोबड फाडली, सरस लावून पुठ्ठ्यावर बसवली, वरून पातळ पांढरा रंग ओढला, अक्षरं धुक्यात गेल्यासारखी दिसतील इतपतच. ते वाळेपर्यंत पानांचं स्टेन्सिल ठेवून त्यातून जाड पेस्ट दाबली. स्टेन्सिल उचललं की पानं कागदाच्या वर उठून येतात, बोटाला लागतात. हा भाग तिला कायम आवडायचा, कारण उचलेपर्यंत खाली काय झालंय ते दिसत नाही. मग आकृती. त्यासाठी ती अजूनही एक्स-रेच्या जुन्या फिल्मच वापरायची. बाजारातल्या पारदर्शक फिल्मपेक्षा त्या ब्लेडखाली कमी पळतात. फिल्म धुऊन पुसून ठेवलेली होती, तरी एका कोपऱ्यात कुणाच्या तरी बरगड्यांची सावली राहून गेली होती. तिने आपल्या मोबाइलवर मागवून घेतलेला फोटो समोर उभा केला, पेन्सिल न लावता थेट कापायला घेतलं. हात चांगला चालत होता. ब्लेड वळवायचं नाही, फिल्म वळवायची. हे तिच्या हाताला आता सांगावं लागत नसे. खांदा, मान, कानाची पाळी, कंबरेशी शर्टाची घडी. तासाभरात कापून झालं. तिने फिल्म पांढऱ्या कागदावर ठेवली, ब्रशला थोडीशी काळसर शाई घेतली, आधी दुसऱ्या कागदावर जादा शाई काढून टाकली, कारण ओला ब्रश कडेखाली शिरतो आणि सगळी आकृती पसरते, आणि मग गोल गोल, हलक्या हाताने, कडेकडून आत शाई भरत गेली. फिल्म उचलली. खाली तो उभा होता. ताठ, दोन्ही खांदे कानांकडे ओढलेले, मान आखडलेली, हात अंगाला चिकटलेले. कुणीतरी मागून काहीतरी बोलणार आहे आणि ते आता सहन करायचंय, अशी पाठ.

तिने मोबाइलमधल्या फोटोकडे पाहिलं. फोटोतला माणूस कुंडीवर वाकला होता. कंबरेतून सैल, एक पाय किंचित वर उचललेला, झारीचा हात लांब, मान एका अंगाला कललेली. दिसत नसलं तरी तो त्या झाडाशी काहीतरी बोलत होता हे कुणीही सांगितलं असतं. ती फोटो समोर ठेवून कापत होती आणि तरी एकदाही तिने तो पाहिला नव्हता. हाताने आठवणीतली पाठ कापली होती. ती बराच वेळ दोन्हींकडे बघत बसली. खांदा तोच, भोवरा तोच, कान तेच. मग तिला जे वाटलं त्याला मत्सर म्हणता आलं नसतं. त्या बाईबद्दल तिला काहीच वाटत नव्हतं, उलट थोडं बरं वाटत होतं. वाईट वाटत होतं ते या कागदावरच्या ताठ माणसाबद्दल, जो नऊ वर्षं असा उभा राहिला आणि ज्याच्याबद्दल तिने लोकांना हसवलं. त्याला फेकावंसं वाटेना. ठेवावंसंही वाटेना. शेवटी तिने तो कागद उलटा करून त्यावर ब्रश पुसायला घेतले, आणि दुसरी फिल्म काढली. या वेळी आधी पेन्सिल. रेघ रेघ फोटोवरून. जिथे हात आपोआप सरळ जाऊ लागला तिथे थांबून पुन्हा बघायचं. हे काम तिला तीन दुपारी पुरलं. शेवटी "साठ" हा शब्द कापला. ठ मधला गोल सुटून पडतो म्हणून त्याला धरून ठेवणारी बारीक पट्टी ठेवावी लागते, ती तिने नेहमीसारखी तिरपी ठेवली. मागे मोरपंखी, कडेला गडद, मध्ये जवळजवळ पाण्यासारखा. तिच्या हातून इतकं चांगलं काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, आणि ते तिला कुणाला सांगता येणार नव्हतं.

पर्सवाली कार्ड न्यायला आली आणि उठून आलेल्या पानांवरून बोट फिरवत राहिली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "अगदी हेच," म्हणाली, "हे असेच उभे राहतात. तुम्ही पाहिलंय की काय त्यांना?"

"फोटोवरूनच केलं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी दुकानदार पार्टिशनमधून डोकावला आणि म्हणाला, "बाई, कुणीतरी भेटायला आलेत, ऑर्डर नाही म्हणतात." मागोमाग तो आत आला. दार नव्हतंच, तरी त्याने पार्टिशनच्या लाकडावर टकटक केलं. ती उठली, बसली, पुन्हा उठली. त्याला तू म्हणावं की तुम्ही, हे तिला ठरवता येईना, आणि तेवढ्यात त्यानेच सोडवलं. "कशी आहेस?"

"बरी आहे. बस. त्यावर नको, तो पाय हलतो, इकडे बस."

तो बसला. जाड झाला होता, चष्मा होता, शर्ट मोरपंखी नाही तरी त्याच्या जवळपासचा. "ठ वरून ओळखलं," तो म्हणाला. "असा तिरका ठ जगात एकच बाई कापते. आपल्या दारावरच्या पाटीवर होता ना. मी हिला म्हटलं, अगं, हे कुठे केलंस तू. ती म्हणाली स्टेशनरीच्या दुकानात मागे एक बाई बसतात, फार नेमक्या आहेत. मी म्हटलं, नेमक्या आहेत ना? मग त्याच." तो हसला. तीही हसली. "सांगितलंस तिला?" तिने विचारलं. "मग. सांगितलं. दोन मिनिटं बघत राहिली माझ्याकडे, आणि मग काय म्हणाली असेल? म्हणाली, बाई गं, आणि मी त्यांना तुमच्या दात घासण्याचं सांगून आले. मग म्हणाली जा, भेटून या, एवढं सुंदर केलंय, आभार नकोत का मानायला."

तो बोलत होता. खरंच बोलत होता. गोकर्णाला पहिलं फूल आलं त्याचं सांगितलं, कार्ड उघडलं तेव्हा मेहुणे काय म्हणाले त्याचं, निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं त्याचं. हात वापरून बोलत होता, आवाज काढून, साहेबांची मान कशी हलते ते दाखवून. दुकानदारही पुढून ऐकत असावा, कारण मध्येच तिकडून हसू आलं. ती हातातला ब्रश खाली ठेवायचा विसरून ऐकत होती, आणि तिच्या मनात आलं की हा माणूस मला आवडला असता. मग त्याने खोलीभर नजर फिरवली, वरच्या दोरीकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम खुलला. "ही दोरी बघून आठवलं. आपण त्या पहिल्या घरात राहायला गेलो ना, तेव्हाची गंमत मी सगळ्यांना सांगतो. ती गादी. हिच्या माहेरी तर ती गोष्ट फर्माइश करून ऐकतात. तिसऱ्या मजल्यावर आपण दोघं गादी दोरीने बांधून वर चढवतोय,"

"दुसऱ्या," ती म्हणाली.

"हो, दुसऱ्या. तर गादी वळणावर अडकली. तू वर, मी खाली, मध्ये गादी. आणि वरून ते मास्तर उतरायला लागले, त्यांच्या हातात,"

"मास्तर नव्हते ते. बँकेत होते. मास्तर खालच्या मजल्यावर."

"बँकेत होते का?" तो म्हणाला.

त्याने चष्मा काढला, काचा शर्टाला पुसल्या, पुन्हा घातला. ती वाट पाहत होती. तिला वाटलं तो आठवतोय. मग तिने त्याचे खांदे पाहिले. ते काही एकदम वर गेले नाहीत. अगदी थोडे, कागद ओला झाला की त्याची कड उचलते तेवढेच. हात मांडीवर आले. इतका वेळ तिच्याकडे असलेला चेहरा जरासा खिडकीकडे वळला. हे सगळं दोन-चार श्वासांत झालं, इतक्या सवयीने झालं की त्याचं त्यालाही कळलं नसावं. पण ती तीन दुपारी त्याच खांद्यांवरून ब्लेड फिरवत बसली होती. तिने ते होताना पाहिलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

"मग?" ती म्हणाली. "सांग ना. पुढे काय झालं?"

"काही नाही. एवढंच."

"नाही, सांग. मास्तरच असतील. तिसरा मजलाच होता, माझीच काहीतरी गल्लत होतेय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. आजारी माणसाला भेटायला गेल्यावर बघतात तसं पाहिलं, आणि तो हसला. "नाही गं. तुझंच बरोबर आहे. दुसराच होता. तुझं नेहमीच बरोबर असायचं." तिने चहा विचारला. तो नको म्हणाला, हिने लवकर यायला सांगितलंय. उठताना म्हणाला, "कार्ड फार छान झालंय." पार्टिशनपाशी थांबून, "येतो." पुढे दुकानात दुकानदाराने त्याला काहीतरी विचारलं, आणि त्यावर तो मोकळ्या आवाजात काहीतरी लांबलचक सांगत बाहेर गेला, शब्द कळले नाहीत.

त्या दिवशी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची आभाराची कार्डं पुरी करायची होती. तिने स्टेन्सिल चिकटपट्टीने बसवलं, शाई घेतली, जादा शाई काढून टाकली, आणि ब्रश हवेत धरून बसली. तिला ती गोष्ट पुरी करायची होती. ती तर तिथे होती. जिन्यात, वरच्या बाजूला, गादीचं एक टोक धरून. तिला सगळं आठवत होतं. मजला दुसरा. जिना अरुंद, कठड्याला हिरवा तेलकट रंग, तो हाताला लागत होता. दोरी सुतळीची, गादी कापसाची, भाड्याच्या टेम्पोतून आणलेली. वरून उतरणारे ते बँकेतले गृहस्थ, त्यांच्या हातात दुधाची बरणी. वेळ सकाळची. तिने सगळं एकामागून एक, बिनचूक, जिथल्या तिथे लावलं, पुन्हा पुन्हा लावलं. फक्त त्यात लोकांनी फर्माइश करून ऐकावं असं काय होतं, हसू नेमकं कुठे येत होतं, ते काही केल्या तिला आठवेना. ब्रशवरची शाई वाळून गेली होती. पुढून दुकानदाराने विचारलं, "बाई, कोण होते हो ते? काय गोड बोलतो माणूस."